चोर कोण, संन्यासी कोण?

२०२५ च्या एप्रिलात पहलगाम येथे निरपराध प्रवाशांची हत्या झाली, मे महिन्यात ‘ऑपरेशन सिंदूर’ पार पडले, आणि त्यापाठोपाठ पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, गुजरात अशा प्रांतांतून पाकिस्तानसाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून माणसे पकडली गेल्याच्या बातम्या एकामागून एक येऊ लागल्या. दिल्लीच्या पाकिस्तानी उच्चायुक्तालयातील एका अधिकाऱ्याला १३ मे रोजी देश सोडण्यास फर्मावण्यात आले. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका सहायक उपनिरीक्षकाला बडतर्फ करून अटक झाली. पकडलेल्यांत प्रवासाच्या चित्रफिती करून लोकांपुढे ठेवणारी तरुण मुलगी होती, मजूर होते, छोटे व्यापारी होते. त्या दिवसांत आपल्या सराफ्यातल्या गप्पांचाही रंग पालटला. ज्याला त्याला शेजारच्या अनोळखी भाडेकरूत हेर दिसू लागला.

हे स्वाभाविक आहे. पण स्वाभाविक असते ते सगळेच शहाणपणाचे असते असे नाही. शत्रूचा हेर आपल्यात वावरतो आहे ही गोष्ट खरी. तो पकडला गेलाच पाहिजे हेही खरे. प्रश्न आहे तो, तो ओळखावा कसा, हा. आपल्याला तर तो दूरचा म्हणून सोडून देता येत नाही. इंदूरपासून दहा-बारा कोसांच्या आत महूची छावणी आहे. तेथे पायदळाचे शिक्षणकेंद्र आहे, वॉर कॉलेज आहे, सैन्याच्या दळणवळणाचे महाविद्यालय आहे. त्या छावणीला दूध, भाजी, कपडे, मोबाइलची सिमकार्डे पुरविणारी माणसे तुमच्या-आमच्यातलीच आहेत. तेव्हा या विषयाचा थोडा शांतपणे विचार केलेला बरा.

हेर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वेष पालटून आलेला परका माणूस उभा राहतो. असे हेर असतात, आणि त्यांना पकडणे हेच त्यातल्या त्यात सोपे काम असते. १९४० च्या सप्टेंबरात जर्मनीने इंग्लंडच्या किनाऱ्यावर काही हेर उतरविले. त्यांतला एक केंट परगण्यातल्या लिड गावच्या पिठ्यात सकाळी नऊच्या सुमारास गेला आणि त्याने सायडर मागितली. एवढ्या सकाळी तेथे मद्य विकण्यास कायद्याने बंदी आहे, ही तिथल्या पोरासोरांना ठाऊक असलेली गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. मालकिणीच्या ते लक्षात आले आणि गृहस्थ संध्याकाळच्या आत कोठडीत गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर एक पुरुष व एक स्त्री पोर्टगॉर्डनच्या लहानशा स्टेशनवर पहाटे येऊन पोचली. शत्रूला वाट सापडू नये म्हणून स्टेशनांवरच्या पाट्या उतरविल्या होत्या. त्यामुळे हे कोणते स्टेशन, असे त्यांना विचारावे लागले. त्यांचे बूट ओले, पाकीट नोटांनी फुगलेले. स्टेशनमास्तरने हमालाला त्यांच्याशी बोलत ठेवले आणि आपण पोलिसांना टेलिफोन केला. सामानात पिस्तूल, बिनतारी यंत्र आणि अर्धवट खाल्लेले जर्मन सॉसेज निघाले. त्यांचा तिसरा साथीदार एडिंबरोपर्यंत पोचला होता. पण स्टेशनच्या सामानघरात ठेवलेली त्याची पेटी ओली होती, आणि तेवढ्यावरून तोही सापडला.

या हकिकतींत पकडणाऱ्यांनी काय केले ते नीट पाहण्यासारखे आहे. पिठ्याची मालकीण, स्टेशनमास्तर, हमाल ही गुप्त पोलिसांची माणसे नव्हेत. त्यांनी त्या पाहुण्यांचा धर्म विचारला नाही की नाकाडोळ्यांची ठेवण पाहिली नाही. त्यांनी पाहिला तो ओला बूट आणि वेळीअवेळी मागितलेला पेला. म्हणजे त्यांचा संशय माणसाच्या जातीवर नव्हता, विसंगत वर्तनावर होता. आणि संशय येताच त्यांनी आरडाओरडा न करता ज्याचे काम त्याला कळविले.

याच्या नेमके उलट उदाहरणही त्याच देशात त्याच वर्षी घडले. १९४० च्या मे-जूनमध्ये भीतीच्या लाटेत इंग्रज सरकारने सुमारे सत्तावीस हजार ‘शत्रुदेशीय’ लोकांना धरून छावण्यांत कोंडले. त्यांतले बहुसंख्य हिटलरच्या छळातून जीव वाचवून आलेले ज्यू निर्वासित होते. यांतल्या व इटालियन कैद्यांतल्या काहींना कॅनडाकडे घेऊन निघालेले ‘अरँडोरा स्टार’ जहाज २ जुलैला जर्मन पाणबुडीने बुडविले आणि आठशेंहून अधिक माणसे प्राणाला मुकली. पुढे सरकारलाच आपली चूक उमगली आणि एकेकाची चौकशी करून लोकांना सोडणे सुरू झाले. साप म्हणून भुई धोपटण्यात नुकसान झाले ते असे.

खरे काम निराळ्याच खोलीत चालले होते. पकडलेल्या जर्मन हेराला फासावर देणे हा एक मार्ग. पण त्याच्याच हातून शत्रूला आपल्याला हवे ते कळविणे हा अधिक फायद्याचा. ऑक्सफर्डचे प्राध्यापक मास्टरमन यांच्या अध्यक्षतेखाली १९४१ पासून एक समिती दर आठवड्याला बसे व कोणत्या हेराकडून कोणती खरी आणि कोणती खोटी बातमी पाठवायची ते ठरवी. शत्रूचा या बातम्यांवर विश्वास बसतो की नाही, हे कळण्याचीही सोय होती. जर्मन गुप्तहेर खात्याचे सांकेतिक संदेश ब्लेचली पार्क येथे उलगडले जात होते. त्यामुळे नवा हेर येण्याआधीच त्याची वर्दी मिळे. या खेळातला सर्वांत नामांकित गडी म्हणजे हुआन पुजोल नावाचा बार्सिलोनाचा गृहस्थ. हा लिस्बनमध्ये बसून, प्रवासाच्या मार्गदर्शक पुस्तकाच्या आधारे, आपण इंग्लंडातच आहोत असे भासवून जर्मनांना पत्रे लिही. ग्लासगोचे लोक एक लिटर वाइनसाठी वाटेल ते करतील, असे त्याने ठोकून दिले आणि जर्मनांनी ते गिळलेसुद्धा! १९४२ मध्ये इंग्रजांनी त्याला आपल्याकडे आणला. त्याने आणि त्याच्या इंग्रज सहकाऱ्याने मिळून सत्तावीस हस्तक उभे केले, आणि त्यांतला एकही हाडामांसाचा नव्हता. १९४४ च्या जूनमध्ये दोस्तांची फौज नॉर्मंडीत उतरल्यावर तिसऱ्याच दिवशी त्याने कळविले, की ही हूल आहे. खरा हल्ला कॅलेच्या बाजूला व्हायचा आहे. जर्मनांचे मोठे सैन्य त्या हल्ल्याची वाट पाहत कित्येक आठवडे तेथेच राहिले. त्याच साली या गृहस्थाला जर्मनीचा लोहक्रॉस मिळाला आणि इंग्लंडचा राजकीय किताबही मिळाला.

येथपर्यंतची गोष्ट वाचून कोणालाही वाटेल, की इंग्रजांचे हे खाते म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसलेला पहारेकरी. पण दिव्याखालचा अंधार पुढेच आहे. जर्मनांचे हेर असे उलटविले जात होते, तेव्हा त्याच खात्यात अँथनी ब्लंट नावाचा विद्वान कलासमीक्षक अधिकारी म्हणून बसला होता आणि तेथली गुपिते मॉस्कोला पोचवीत होता. त्याचा केंब्रिजचा मित्र किम फिल्बी याच्याकडे तर १९४४ मध्ये परदेशी गुप्तवार्ता खात्याचा रशियाविरोधी विभागच सोपविण्यात आला. कुंपणच शेत खाते म्हणतात ते आणखी कोणते? १९४५ मध्ये इस्तंबूलच्या रशियन वकिलातीतील एका अधिकाऱ्याने इंग्रजांकडे आश्रय मागितला आणि त्या बदल्यात त्यांच्या खात्यांतील रशियन हेरांची माहिती देऊ केली. ते प्रकरण तपासासाठी कोणाकडे गेले, तर फिल्बीकडेच. तो बिचारा अधिकारी मॉस्कोला नेला गेला आणि पुन्हा कोणाला दिसला नाही. फिल्बीने १९६३ च्या जानेवारीत बेरूतहून रशिया गाठला. ब्लंटने १९६४ मध्ये गुन्हा कबूल केला. पण जनतेला ते कळायला १९७९ चा नोव्हेंबर उजाडावा लागला.

या मंडळींवर संशय का आला नाही? कारण ती ‘आपल्यातली’ होती. एकाच शाळा-कॉलेजांतली, एकाच क्लबातली, एकाच वळणाची भाषा बोलणारी. ज्या समाजाने निर्वासित ज्यूला नुसत्या जन्मावरून कोंडून ठेवले, त्याच समाजाने फिल्बीला नुसत्या जन्मावरून मोकळे सोडले. या दोन चुका वरवर भिन्न दिसल्या तरी त्यांचे मूळ एक आहे. वर्तन पाहायचे सोडून कुळ पाहिले गेले.

यांतली काही नावे शेवटी उजेडात आली ती कोणाच्या तीक्ष्ण नजरेमुळे नव्हे, तर कागदांच्या चिकाटीच्या अभ्यासामुळे. रशियन वकिलातींच्या तारा एकदाच वापरायच्या आकड्यांच्या पानांवरून गुप्त केल्या जात. ही पद्धत नीट पाळली तर अभेद्य. पण १९४२ च्या धामधुमीत रशियनांनी काही पाने दुबार छापली. अमेरिकेत १९४३ च्या फेब्रुवारीपासून या जुन्या तारांवर काम सुरू झाले. १९४६ च्या अखेरीस त्यांतले शब्द सुटू लागले, आणि त्या धाग्यावरून अणुबाँबची गुपिते रशियाला देणारा शास्त्रज्ञ क्लाउस फुक्स १९४९ मध्ये आणि इंग्रज परराष्ट्र खात्यातला डॉनल्ड मॅक्लीन १९५१ मध्ये उघडकीला आला. तरीही या तारा न्यायालयात दाखविण्याची सोय नव्हती. दाखविल्या तर शत्रूला सगळे कळणार. म्हणून फुक्सशी एक अधिकारी पुनःपुन्हा शांतपणे बोलत राहिला आणि १९५० च्या जानेवारीत त्याने आपण होऊन कबुली दिली. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक असणे वेगळे आणि ती न्यायासनापुढे सिद्ध करणे वेगळे, हा भेद त्या अधिकाऱ्यांनी पाळला. मॅक्लीनच्या बाबतीत मात्र पुरावा जमेपर्यंत तो निसटला, आणि ही त्या संयमाची किंमत होती, हेही नाकारून चालणार नाही.

आता घराकडे वळू. घरभेदाचा धडा आपल्यालाही मिळालेला आहे. १९८५ च्या जानेवारीत दिल्लीत जे प्रकरण उघडकीला आले, त्यात थेट पंतप्रधानांच्या कार्यालयातले स्वीय सहायक गुंतलेले निघाले. एक खासगी कंपनीचा प्रतिनिधी मद्याच्या बाटल्या आणि थोडेफार पैसे देऊन त्यांच्याकडून कागद मागवी, त्यांच्या नकला काढी आणि कागद पुन्हा जागच्या जागी जात. नकला परदेशी वकिलातींकडे पोचत. पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांना आपल्या कचेरीतल्या माणसाच्या कृत्याची जबाबदारी घेऊन राजीनामा द्यावा लागला. खालच्या न्यायालयाचा निकाल लागला तो २००२ मध्ये. मुख्य आरोपी तोवर मरण पावला होता. या प्रकरणातली माणसे बुद्धिमान कटवाले नव्हती. ती पगारात न भागणारी, वरिष्ठांच्या लेखी नगण्य असलेली कारकून मंडळी होती. त्यांच्या हातून देशाचे कागद जातात, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

येथे कौटिल्याची आठवण होते. ‘अर्थशास्त्रा’ची पोथी म्हैसूरच्या संग्रहात सापडली, १९०९ मध्ये ती छापली गेली, आणि पुढे मुंबई विद्यापीठाने प्राध्यापक र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती १९६० पासून प्रसिद्ध केली. त्या ग्रंथात, फितूर होण्याजोग्या माणसांचे चार वर्ग सांगितले आहेत: क्रुद्ध, लुब्ध, भीत आणि मानी. सारखेच काम करणाऱ्या दोघांत ज्याची उपेक्षा झाली तो क्रुद्ध. पैशाच्या अडचणीत वा हव्यासात सापडला तो लुब्ध. काही पाप उघडे पडेल म्हणून धास्तावला तो भीत. आणि आपल्या योग्यतेला साजेसा मान मिळत नाही असे ज्याला वाटते तो मानी. आजच्या कोणत्याही गुप्तचर शाळेत यापेक्षा फारसे निराळे शिकवीत नसतील. दिल्लीचे कारकून लुब्ध होते. फुक्स व फिल्बी ही मात्र एका मताला वाहून घेतलेली माणसे. ती या चौकटीत सहजी बसत नाहीत, आणि म्हणूनच ती ओळखणे अधिक अवघड गेले.

आजचे मोहजाल बहुधा मोबाइलवरून पसरते. २०१९ च्या डिसेंबरात नौदलाचे सात जण विशाखापट्टणम, कारवार व मुंबई येथून पकडले गेले. समाजमाध्यमांवर स्त्रियांच्या नावाने झालेल्या ओळखींतून ते जाळ्यात ओढले गेले, असे तपासात पुढे आले. त्यानंतर नौदलाने जहाजांवर व तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुक बंद केले. २०२३ च्या मे महिन्यात पुण्यात संरक्षण संशोधन संस्थेच्या एका प्रयोगशाळेचा संचालक, निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा शास्त्रज्ञ, अशाच आरोपावरून महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने पकडला. आरोप खरा की खोटा हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. पण या प्रकरणात तक्रार संस्थेनेच केली, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. आपल्या घरातले झाकून न ठेवता स्वतः पुढे आणणे हे ब्लंटच्या वरिष्ठांना पंधरा वर्षे जमले नव्हते.

या जाळ्याची रीत ठरलेली असते. आधी स्तुती येते, मग आपुलकी, मग एखादे निरुपद्रवी छायाचित्र मागितले जाते, मग किरकोळ रक्कम खात्यावर जमा होते, आणि नंतर ती रक्कम व ती छायाचित्रे दाखवूनच धमकी. म्हणजे शत्रू आधी मानी माणूस शोधतो, त्याला लुब्ध करतो आणि शेवटी भीत करून टाकतो. कौटिल्याचे तीन वर्ग एकाच माणसात एका महिन्यात उतरवून घेण्याची ही युक्ती आहे. यातून सुटण्याची वेळ पहिल्या पायरीवरच असते. चूक झाली हे वरिष्ठांना सांगता येईल असा विश्वास शिपायाला वा कारकुनाला वाटला, तर शत्रूच्या हातातली धमकी बोथट होते. जेथे पहिली चूक सांगितली की नोकरीच जाते, तेथे दुसरी चूक करण्यावाचून त्या माणसाला गत्यंतर उरत नाही.

आणि आता शेवटची, सर्वांत बोचरी गोष्ट. १९९४ च्या नोव्हेंबरात इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना केरळच्या पोलिसांनी हेरगिरीच्या आरोपावरून अटक केली. ते अतिशीत इंधनाच्या इंजिनाच्या प्रकल्पाचे प्रमुख होते. रॉकेटच्या इंजिनांचे आराखडे मालदीवच्या स्त्रियांमार्फत विकले, असा आरोप. आपल्याकडे तेव्हा हे अतिशीत इंजिन तयारही झाले नव्हते, आणि असले आराखडे चार कागदांत विकत देता येत नाहीत, एवढा साधा प्रश्न कोणी तपासून पाहिला नाही. वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले; त्या पापातून आमचा व्यवसाय मोकळा नाही. त्यांनी पन्नास दिवस तुरुंगात काढले. १९९६ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने प्रकरणात तथ्य नाही असा अहवाल दिला. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारचा फेरतपास रद्द केला. आणि १४ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने त्यांना पन्नास लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. २०१९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. स्वदेशी अतिशीत इंजिनाचे पहिले यशस्वी उड्डाण झाले ते ५ जानेवारी २०१४ रोजी. मधली सगळी वर्षे या एका प्रकरणामुळेच गेली असे म्हणता येणार नाही. पण एका कर्त्या शास्त्रज्ञाची उमेदीची वर्षे गेली, हे निश्चित. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. आणि अशा प्रसंगी शत्रूला हेर पाठविण्याचे कष्टही पडत नाहीत. त्याला हवे असलेले नुकसान आपणच आपल्या हाताने करून देतो.

मग सामान्य माणसाने काय करावे? पोर्टगॉर्डनच्या स्टेशनमास्तराने केले तेच. छावणीच्या आसपास कोणी विनाकारण छायाचित्रे काढीत असेल, दुसऱ्याच्या नावावर सिमकार्डे मागत असेल, एखाद्या जवानाच्या बदलीची चौकशी नको इतक्या आपुलकीने करीत असेल, तर ते पोलिसांना कळवावे आणि गप्प बसावे. आडनावावरून, पेहरावावरून, मोहल्ल्यावरून हेर ठरवू नये. अटक झाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला असेही धरून चालू नये. कौटिल्यासारखा कठोर राजनीतिज्ञसुद्धा एका हेराच्या बातमीवर विसंबत नाही. एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांचे म्हणणे जुळले तरच ती खरी मानावी, असे तो सांगतो. आपण तर एका चित्रफितीवर निकाल देऊन मोकळे होतो.

सरकारच्या बाजूनेही हेच पथ्य हवे. पैशाचा माग, संदेशांचा माग, कागद कोणाकोणाच्या हातून गेला याची नोंद, ही रुक्ष कामे चोख झाली तर हेर सापडतो. सापडल्यावर पुरावा असा हवा, की तो न्यायालयात टिकेल. आणि ज्याच्यावरचा आरोप टिकला नाही, त्याला त्याची अब्रू जितक्या गाजावाजाने घेतली तितक्याच गाजावाजाने परत मिळाली पाहिजे.

अमात्यांची निष्ठा छुप्या परीक्षांनी पारखावी, असे कौटिल्य विस्ताराने सांगतो. पण त्याच प्रकरणात तो राजाला एक मर्यादाही घालून देतो. निर्मळ पाण्यात विष कालवावे तशी निर्दोष माणसाची मने या परीक्षांनी नासवू नयेत. एकदा नासलेल्या मनाला पुढे औषध सापडेलच असे नाही. महूच्या फाटकाबाहेर रोज दूध घालणाऱ्या गवळ्याकडे, पुण्या-नागपूरच्या प्रयोगशाळेत खपणाऱ्या तरुण अभियंत्याकडे, सरहद्दीवरच्या गावातल्या शेतकऱ्याकडे आपण ज्या नजरेने पाहू, त्यावर शत्रूला उद्या तेथे माणूस मिळेल की नाही, हे बरेचसे अवलंबून आहे.